शाळासोबत्याचा शोक आणि लॅटिन काव्य

सतराव्या शतकातील सुशिक्षित इंग्रज आपल्या दिवंगत सोबत्यासाठी पुष्कळदा लॅटिनमध्ये शोक करी, आणि ही प्रथा आजच्या वाचकाला कृत्रिम वाटल्यास नवल नाही. कारण अशा काव्यात कवी मेंढपाळ बनतो, मित्राला ग्रीक नाव मिळते आणि कुरणे व वनदेवता यांनीच बरीच जागा व्यापलेली असते. गोपविलापिका, म्हणजे मेंढपाळाच्या तोंडी घातलेले शोककाव्य, हा प्रकार थिओक्रिटस या ग्रीक कवीपासून व्हर्जिलमार्फत युरोपात रूढ झाला. परंतु इंग्लंडमध्ये त्याला बळ मिळाले ते मुख्यतः शाळांमुळे, कारण तेथे मुलांकडून व्हर्जिल व ओव्हिड पाठ करून घेत आणि त्यांच्याच वृत्तांत पद्ये रचून घेत.

लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत जॉन मिल्टन आणि चार्ल्स डिओडाटी यांची मैत्री जमली ती याच शिक्षणाच्या वातावरणात. डिओडाटीचे घराणे इटलीतील लुक्का येथील, धर्माने प्रोटेस्टंट, आणि वडील लंडनमध्ये वैद्यकी करणारे. पुढे एक ऑक्सफर्डला व दुसरा केंब्रिजला गेला, तरी मिल्टन मित्राला लॅटिन पद्यात पत्रे लिहीत राहिला, आणि डिओडाटीची ग्रीक भाषेतील दोन पत्रे आजही उपलब्ध आहेत. ऑगस्ट 1638 मध्ये डिओडाटी मरण पावला, तेव्हा मिल्टन इटलीच्या प्रवासात होता. 1639 मध्ये परतल्यावर त्याने ‘एपिटाफियम डॅमोनिस’ हे 219 ओळींचे लॅटिन काव्य रचले.

या काव्यात धन्याला आता सवड नाही, म्हणून उपाशी कोकरांना घरी परतायला सांगणारे पालुपद सतरा वेळा येते. सॅम्युअल जॉन्सनने पुढे या मेंढपाळी अनुकरणाला पोरकट ठरवले, आणि बाह्य रूपापुरते पाहिले तर त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मात्र वैद्यकी शिकलेला खरा डिओडाटी या वेषाआडूनही दिसतो: डॅमन, म्हणजे काव्यातला डिओडाटी, वनौषधींचे गुण सांगणारा आहे, आणि त्यालाच वाचवू न शकलेल्या त्या वनस्पतींना व त्या विद्येला कवी शाप देतो, गाडलेले रोम पाहण्यासाठी आपण एवढे दूर का गेलो, असेही तो स्वतःला विचारतो. दोघांनी बालपणी एकत्र गिरवलेल्या भाषेत मित्राला निरोप देणे, हा कृत्रिमपणा नसून उलट निकटपणाच होता. त्याच काव्यात, ब्रिटनच्या प्राचीन राजांवरील महाकाव्य आपण मायबोलीत रचू, असा बेतही मिल्टन बोलून दाखवतो; त्यानंतर त्याने लॅटिनमध्ये फारच थोडे काव्य केले.

शतकभराने कवी थॉमस ग्रे याचा ईटन शाळेतील सोबती रिचर्ड वेस्ट 1 जून 1742 रोजी वारला, तेव्हा ग्रेने त्याला पाठवलेले वसंतावरील गीत न उघडताच परत आले. वेस्टलाच उद्देशून ग्रे एक तत्त्वचिंतनपर लॅटिन काव्य लिहीत होता. त्याच्या दुसऱ्या भागात मित्राच्या मृत्यूचा शोक येतो आणि थोड्याच ओळींनंतर काव्य अपुरे राहते. त्याच उन्हाळ्यात त्याने वेस्टवर इंग्रजी सुनीत लिहिले. त्यात ना मेंढपाळ आहे ना कोकरे. ग्रेने ते हयातीत छापले नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1775 मध्ये, ते प्रसिद्ध झाले.