खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आणि हीटरचा बिघाड

समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरील जुन्नरात समुद्रातील मासे पाळणे हा छंद थोडा विक्षिप्त वाटेल. पण तो आता तितकासा दुर्मीळ राहिलेला नाही. शिवनेरी, नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर या परिसरांत पुण्या-मुंबईकरांची दुसरी घरे उभी राहिली. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिल्यानंतर निवासस्थानांची संख्याही वाढली. दिवाणखान्यात रंगीत माशांची काचपेटी असावी, ही हौस त्यांच्याबरोबरच घाट चढून आली. गोड्या पाण्यातील माशांवर समाधान न मानणारे काही जण क्लाऊन फिश आणि डॅमसेल यांसारख्या सागरी माशांकडे वळतात. या माशांना पाणी बाराही महिने २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान लागते. अडचण इथूनच सुरू होते.

मुंबईत ही अडचण जवळजवळ नसते. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेले आणि नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या अगदी काठावरचे. तेथील हवेत हिवाळ्यातही पाणी फारसे गारठत नाही. मुंबईचा छंदिष्ट चिंता करतो ती पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरची. त्यामुळे क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानात मिळणारा सल्ला घाटमाथ्यावर जसाच्या तसा लागू पडत नाही. जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर या पट्ट्यात थंडीच्या लाटेत पहाटेचे तापमान दहा अंशांखाली उतरते आणि दगडी किंवा विटांच्या बंद घरातील खोलीही पंधरा-सोळा अंशांपर्यंत गार होते. येथे हीटर हवाच. मात्र जे उपकरण माशांना जगवते तेच बिघडले, तर त्यांचा जीवही घेते.

मत्स्यालयातील सर्वसाधारण हीटर म्हणजे काचेच्या नळीत बसवलेली तापणारी तार आणि तिच्याशी जोडलेला थर्मोस्टॅट. स्वस्त हीटरमध्ये हा थर्मोस्टॅट दोन धातूंच्या जोडपट्टीचा असतो. पाणी तापले की पट्टी वाकते, संपर्कबिंदू सुटतात आणि वीजप्रवाह थांबतो. पाणी निवले की ते पुन्हा जुळतात. दिवसातून अनेकदा होणाऱ्या या उघडझापीत प्रत्येक वेळी बारीक ठिणगी उडते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ते बिंदू काजळतात तरी, नाहीतर एकमेकांना चिकटून बसतात तरी. काजळले तर हीटर बंद पडतो. चिकटले तर तो बंदच होत नाही. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्यात बिघाडाची खूण दिसत नाही. हीटरचा दिवा लागलेला असतो आणि पाहणाऱ्याला वाटते, सारे सुरळीत आहे.

धोका किती, हे थोड्या आकडेमोडीने समजते. एक मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर रुंद आणि पन्नास सेंटिमीटर उंच काचपेटीत सुमारे २०० लिटर पाणी मावते. अशी टाकी खोलीपेक्षा एक अंश गरम ठेवण्यासाठी ढोबळमानाने तेरा ते सोळा वॅट लागतात. म्हणजे २०० वॅटचा हीटर सतत चालू राहिला, तर पाणी खोलीच्या तापमानापेक्षा बारा ते पंधरा अंशांनी वर जाऊन स्थिरावते. फेब्रुवारीत बंद घराचे सरासरी तापमान बावीस अंश धरले, तरी पाणी चौतीस ते सदतीस अंशांवर पोहोचेल आणि त्याला दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक वेळ लागणार नाही. मालक सोमवारी सकाळी पुण्याला गेला आणि शुक्रवारी रात्री परतला, तर टाकीत एकही जीव उरलेला नसेल.

या आकड्यांतच उपायही आहे. २०० वॅटच्या एका हीटरऐवजी शंभर-शंभर वॅटचे दोन हीटर लावावेत. त्यातील एक चिकटून सतत चालू राहिला, तर पाणी खोलीपेक्षा सहा-सात अंशांनीच वाढेल, म्हणजे वरच्या उदाहरणात अठ्ठावीस-एकोणतीस अंशांपर्यंत. माशांना ते सुखाचे नाही, पण त्यात ते तगतात. उलट एक बंद पडला, तर सोळा अंशांच्या खोलीत दुसरा पाणी बावीस-तेवीस अंशांवर तोलून धरतो. खर्च किंचित वाढतो; पण खाऱ्या पाण्याच्या टाकीतील मासे, विशिष्ट मीठ आणि जिवंत खडकांवर झालेला खर्च पाहता तो नगण्य होय. ‘मोठा हीटर म्हणजे अधिक सुरक्षित’ ही विक्रेत्यांची नेहमीची समजूत येथे नेमकी उलटी पडते.

दुसरा उपाय म्हणजे स्वतंत्र तापमान नियंत्रक. पाण्यात सोडायची संवेदक-तार असलेला हा छोटा डिजिटल डबा अंडी उबवण्याच्या यंत्रातही वापरतात. कोंबडीपालन चांगले रुजलेल्या या भागात तो जोडून देणारा वायरमन शोधावा लागत नाही. हीटर या नियंत्रकामार्फत जोडून नियंत्रक पंचवीस अंशांवर आणि हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट सत्तावीस अंशांवर ठेवावा. मग पाणी अतितप्त होण्यासाठी दोन्ही कुलपे एकाच वेळी निकामी व्हावी लागतील. संवेदक मात्र पाण्यात घट्ट बसवलेला हवा. तो निसटून बाहेर लोंबकळला, तर खोलीची गार हवा मोजत राहील आणि हीटर थांबवणारच नाही. अशा वेळी सत्तावीस अंशांवरचे दुसरे कुलूप कामी येते. म्हणून ते ‘असू दे कमाल आकड्यावर’ म्हणून सोडून देऊ नये.

ग्रामीण वीजपुरवठ्याचा विचार येथे टाळता येत नाही. ऊस, कांदा, द्राक्षे आणि टोमॅटोच्या या पट्ट्यात शेतीपंप एकदम सुरू झाले की विजेचा दाब घसरतो. शेतीला रात्रीच्या पाळीत वीज मिळते तेथे ही घसरण थंडीच्या ऐन पहाटे होते. (उसातील बिबट्यांमुळे दिवसा वीज द्या, ही येथील शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे, ती पूर्ण झाली तर माशांचेही कल्याणच होईल.) हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १०० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टवर जेमतेम ६१ वॅट देतो, तर २६० व्होल्टवर १२८ वॅट. एकीकडे गरज सर्वाधिक असताना ऊब कमी पडते. दुसरीकडे दाब वाढला की संपर्कबिंदूंवरचा ताण वाढतो. नियंत्रकासारख्या नाजूक उपकरणापुरता तरी स्टॅबिलायझर असावा.

वीज पूर्ण गेली, तर घाबरून जाण्याचे कारण नसते. २०० लिटर पाणी पुष्कळ उष्णता धरून ठेवते. सोळा अंशांच्या खोलीत पंचवीस अंशांचे पाणी तासाला साधारण अर्ध्या अंशाने निवते आणि आठ तासांनी बावीस अंशांच्या आसपास असते. चाळीस लिटरची टाकी तेवढ्याच वेळात वीस अंशांपर्यंत घसरते, म्हणून थंड गावात लहान टाकी अधिक नाजूक. काचेभोवती घोंगडी किंवा गोधडी गुंडाळली, तर हा वेग बराच मंदावतो. गरम पाण्याच्या घट्ट बुचाच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवता येतात. गरम पाणी थेट ओतू नये, त्याने खारटपणा बिघडतो.

खरी घाई असते ती हवेची. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी असल्याने पाण्यात विरघळणारा प्राणवायूही तितकाच कमी. शिवाय खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी विरघळतो. पंप थांबून पाणी स्थिर झाले, की गारठ्याने मरण्याआधी मासे गुदमरून मरतात. त्यामुळे घरातील इन्व्हर्टरवर पहिला हक्क हवेच्या पंपाचा. चार-पाच वॅटचा हा पंप भरलेली बॅटरी दिवसचे दिवस चालवील. हीटर तीच बॅटरी एका रात्रीत संपवील.

पाणी अतितप्त झाल्याचे लक्षात आले, तर आधी भिंतीवरील बटण बंद करावे, मग प्लग काढावा आणि त्यानंतरच पाण्यात हात घालावा. झाकण काढून टेबलपंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर सोडावा. दख्खनच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन वेगाने होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. बर्फ वापरायचाच तर बंद पिशवीत. नळाच्या पाण्याचा बर्फ थेट टाकीत वितळला तर क्षारता घसरते आणि क्लोरीनही जाते. तासाला एक अंशाहून अधिक वेगाने पाणी थंड करू नये. या धक्क्यातून वाचलेल्या माशांवर काही दिवसांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसू शकतो. त्यांच्यावर पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावे लागते.

बाष्पीभवनाची दुसरी बाजूही आहे. कोरड्या हवेत टाकीची पातळी रोज घटते आणि हीटरची नळी पाण्याबाहेर पडली की ती तापून तडकते. तडकलेल्या नळीतून खारे पाणी थेट तारेपर्यंत पोहोचते आणि खारे पाणी उत्तम वीजवाहक असते. म्हणून हीटर तळाशी आडवा बसवावा. गाळणीच्या खालच्या टाकीत, त्यातही परतीच्या पंपाच्या कप्प्यात तो कधीही ठेवू नये. पातळीतील सारी घट प्रथम त्याच कप्प्यात दिसते. घटलेले पाणी गोड्या, शुद्ध पाण्याने भरून काढावे, कारण मीठ उडून जात नाही. पाणी बदलण्याआधी पंधरा-वीस मिनिटे हीटर बंद ठेवून त्याला निवू द्यावे. मत्स्यालयाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच आणि घराला योग्य अर्थिंग असणे ही चैन नव्हे. वायरला प्लगखाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथूनच खाली पडते.

जुन्नर-आंबेगावात हीटरची खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच. होळी झाली की तो काढून, धुऊन, कोरडा करून ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत बंद खोल्या तशाच तापतात. त्या दिवसांत चिकटलेला हीटर सर्वाधिक घात करतो आणि तेव्हा त्याचे टाकीत काही कामही नसते. दिवाळीच्या सुमारास पुन्हा लावण्यापूर्वी तो बादलीभर पाण्यात, थर्मामीटर सोडून, एक दिवस चालवून पाहावा. ठरवलेल्या अंशावर तो थांबतो की नाही, हे तेथेच कळते. काचेवर चिकटवण्याच्या पट्टीवर विसंबू नये. साधा काचेचा थर्मामीटर अधिक भरवशाचा. दोन हिवाळे झालेला हीटर चालू असला तरी बदललेला बरा.

आणखी एक भौगोलिक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. जुन्नरहून पुणे सुमारे नव्वद किलोमीटर, मंचरहून साठेक. रात्री अकरा वाजता हीटर गेला, तर दुसरा सकाळपर्यंत मिळत नाही. जास्तीचा एक हीटर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. कृत्रिम समुद्री मीठही हाताशी हवे. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने २०० लिटरच्या टाकीला सात किलो लागते. मासे विकत घेताना ते संवर्धन केंद्रात वाढवलेले असावेत. आपल्या समुद्रातील प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते कोणी देऊ केले तरी घेऊ नयेत.

घर आठवडाभर बंद राहणार असेल, तर मोबाइलवर तापमान कळवणारे उपकरण उपयोगी पडते, परंतु वीज गेल्यावर घरातील इंटरनेटही जाते आणि सूचना नेमकी तेव्हाच येत नाही. त्यापेक्षा शेजारच्या माणसाला थर्मामीटर कसा वाचायचा आणि प्लग कोणता काढायचा, एवढे दाखवून ठेवावे. प्लगवर ठळक अक्षरांत ‘हीटर’ असे लिहावे, म्हणजे घाईत पंपाचा प्लग निघणार नाही.