मोजके कपडे, ठसठशीत ओळख

गणपतीच्या आधीचा पंधरवडा हा खरेदीचा. सिल्वासा असो की वापी, दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, आणि हल्ली मोबाइलवरून मागवलेली पार्सले दारात येऊन पडतात ती वेगळीच. तरीही आरतीला निघताना घरोघरी एक वाक्य ठरलेले असते : ‘घालायला काही नाहीच!’ कपाटाचे दार लागत नाही, आणि घालायला मात्र काही नाही. आपल्या पणजीकडे मोजून तीन-चार लुगडी असत. तिच्या तोंडी हे वाक्य असते तर ते खरे ठरले असते. पण गावात ती लांबून ओळखू येई, ती तिच्या नेसण्यावरून. हे तिला कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे.

नऊवारी लुगडे म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर न शिवलेले कापड. ना माप, ना शिंपी. अंग भरले, बाळंतपण झाले, वय उतरले, तरी तेच लुगडे बेतशीर बसे. सामान्य घरचा हिशेब सरळ होता : एक अंगावर, एक दांडीवर आणि एक ठेवणीतले. वेगळेपण यायचे ते नेसण्यातून. शेतात राबणारी बाई काष्टा घट्ट घालून लुगडे पोटरीच्या वर घेई, कोळीण ते गुडघ्यापर्यंत नेसे, ब्राह्मणाघरची बाई घोट्यापर्यंत. आपल्या हवेलीतल्या वारली बायकांचे गुडघ्यापर्यंतचे लुगडेही त्याच घराण्यातले. चिखलात भात लावणीला उभे राहायचे तर त्याहून सोयीचे काय? काठ इरकली की महेश्वरी, चोळीचा खण कोणत्या रंगाचा, पदर एका खांद्यावर की दोन्ही, एवढ्या लहान गोष्टींत प्रत्येकीची आवड दिसे.

कपड्याचे आयुष्यही मोठे. लुगडे मध्यभागी विरले की विरलेला भाग काढून दोन्ही धड तुकडे जोडत. त्या जोडाला ‘दंड’ म्हणत. दंड घातलेले लुगडे पुन्हा नेसायला निघे. त्यानंतर त्याचे जुनेर होई. जुनेराच्या मऊ कापडाची बाळाला दुपटी, टोपडी होत, उरलेल्याची गोधडी, आणि अगदी शेवटी पोतेरे. जे यातूनही उरे ते बोहारणीच्या टोपलीत जाई आणि त्याबदल्यात एखादे भांडे घरात येई. पुनर्वापर हा शब्द कोणी उच्चारत नव्हते, पण धागा वाया जात नव्हता.

ही झाली घरातली गोष्ट. सार्वजनिक जीवनातही मोजक्या, विचारपूर्वक निवडलेल्या कपड्यांनी काही मराठी माणसांनी स्वतःची ओळख घडवली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभेची स्थापना केली आणि १८७२ मध्ये स्वदेशी वापरण्याची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातीत. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिक जरीबुट्टीने लखलखत असताना काका हातकताईच्या जाड्याभरड्या कपड्यांत हजर होते. गांधीजींचा चरखा देशाला माहीत झाला त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधीची ही गोष्ट.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १८८८ मध्ये, ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. निमंत्रितांत जोतीराव फुले होते. ते आले गरीब शेतकऱ्याच्या वेशात. तिथल्या झगमगाटात बसलेले लोक म्हणजे हा देश नव्हे, खेड्यातला रयत म्हणजे हा देश, हे त्यांनी राजपुत्राला भाषणातून सांगितले. पण त्यांच्या कपड्यांनी ते आधीच सांगून टाकले होते. विसाव्या शतकात गाडगेबाबांनी चिंध्या जोडलेला अंगरखा, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे एवढ्यावर आयुष्य काढले. धर्मशाळा बांधणाऱ्या, लाखोंना कीर्तनात खिळवून ठेवणाऱ्या या माणसाला चांगले कपडे मिळाले नसते असे थोडेच आहे?

मात्र येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. मोजके कपडे हा सगळ्यांचा निवडलेला मार्ग नव्हता. ब्राह्मण विधवेच्या वाट्याला आलवण येई; त्यात तिच्या आवडीनिवडीला जागाच नव्हती. दलित समाजाला तर काय नेसावे, कसे नेसावे, कोणते दागिने घालावेत हे गाव ठरवी. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की लुगडी घोट्यापर्यंत नेसा आणि जात ओळखू येईल असे दागिने टाकून द्या. फाटके नेसायला हरकत नाही, पण स्वच्छ हवे, हाही त्यांचा आग्रह होता. स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. स्वतः बाबासाहेब उत्तम शिवलेल्या सुटात वावरत, त्यामागेही हाच विचार होता.

फुल्यांनी फाटका वेश घेतला, बाबासाहेबांनी सूट घातला. वरवर पाहता ही दोन टोके. पण दोघांनीही आपण काय घालायचे ते स्वतः ठरवले आणि का घालायचे ते त्यांना पक्के ठाऊक होते. कपड्यातला रुबाब येतो तो या ठरवण्यातून. कपड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध फार थोडा आहे.

मग आपले कपाट भरले कधी? मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये उभी राहू लागली आणि कापड हळूहळू स्वस्त झाले. दुसऱ्या महायुद्धात टंचाई आली, १९४३ पासून कापडावर सरकारी नियंत्रण आले. त्या पिढीने कापड जपून वापरले ते याही कारणाने. पुढे पॉलिएस्टर आले आणि चित्र पालटले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मंदावत गेल्या, आणि साधारण त्याच सुमारास करसवलतींमुळे आपल्या सिल्वासात धाग्याचे कारखाने उभे राहू लागले. आज देशातल्या पॉलिएस्टर धाग्याचा मोठा भाग याच परिसरात तयार होतो. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे त्या कारखान्यांतल्या नोकरीसाठीच इथे आली आणि इथलीच झाली. तेव्हा धाग्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यावर आपली घरे उभी राहिली आहेत. पण एक फरक धागा बनवणाऱ्यांनीच ओळखायला हवा. सुती जुनेर विरून मातीला मिळे. पॉलिएस्टर विरत नाही. दंड घालण्याची वेळ येण्याआधीच आपण ते टाकतो, आणि मग ते वर्षानुवर्षे कचऱ्यात तसेच राहते.

यावर उपाय म्हणून वैराग्य घ्यायला नको. पणजीच्या हिशेबातले थोडे उचलले तरी पुरे. आपल्याला शोभणारे दोन-तीन रंग ओळखावेत. अंगाला बेतशीर बसेल असे मोजके घ्यावे, थोडे महाग पडले तरी चालेल. बटण तुटले, शिवण उसवली तर कपडा बाजूला न टाकता त्याच आठवड्यात दुरुस्त करावा. आईची साडी मुलीने वेगळ्या तऱ्हेने नेसावी, वडिलांचा सदरा मुलाने बाह्या दुमडून घालावा. आणि नवे घेण्याआधी एकदा तरी विचारावे : हे मला हवे आहे, की दुकानदाराला?

आपल्यातल्या कितीतरी घरांत बाप्पाचा शेला आणि मुकुट दरवर्षी त्याच पेटीतून निघतो. मूर्ती नवी येते, शेला तोच असतो. ‘हा तर गेल्या वर्षीचाच’ असे आजवर कोणी म्हटलेले नाही. उलट तो शेला दिसला, की आपला गणपती आला असे वाटते. हीच मुभा यंदा आपणही एकमेकांना देऊ या.

गणपती बाप्पा मोरया!