जुन्या ट्रॅक्टरला प्लस बॉडीला का असतो?



जुना फर्ग्युसन किंवा फोर्डसन डेक्स्टा कुणाच्या गोठ्यामागं उभा असेल तर त्याच्या बॅटरीची वायर नीट बघा. कंपनीची वायरिंग शाबूत असेल तर बॅटरीचा प्लस बॉडीला आणि मायनस सेल्फकडं गेलेला दिसेल. आजचा पोरगा मेकॅनिक हे बघून म्हणतो, "कुणीतरी उलटं केलंय," आणि बॅटरी फिरवून मोकळा होतो. उलटं कुणी केलेलं नसतं. कंपनीतून ते तसंच यायचं. हे कसं झालं आणि पुढं बदललं का, ते आज लिहितो, कारण ह्या एका गैरसमजापायी चांगले डायनामो आणि अल्टरनेटर जळालेले आहेत.

सुरुवातीच्या ट्रॅक्टरला बॅटरी नव्हतीच. 1917 पासून निघालेल्या फोर्डसनला फ्लायव्हीलमध्येच मॅग्नेटो होता, ठिणगी तिथून मिळायची आणि इंजिन हँडल मारून चालू करायचं. बॅटरी नाही, मग अर्थिंगचा प्रश्नही नाही. 1939 साली अमेरिकेत फोर्ड 9एन आला, हॅरी फर्ग्युसनच्या हायड्रॉलिकसह. त्याला सेल्फ, डायनामो आणि 6 व्होल्टची बॅटरी होती आणि प्लस बॉडीला होता. मध्ये महायुद्ध लागलं, रबर आणि तांब्याची चणचण झाली, तेव्हा 1942 च्या 2एन मॉडेलचे काही ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर आणि परत मॅग्नेटोवर काढले. बॅटरी नाही, सेल्फ नाही. म्हणजे मधली काही वर्षं गाडी मागं गेली होती म्हणा.

त्या 9एनच्या डायनामोला तीन कार्बन असायचे. दोन नेहमीचे, तिसरा पुढं-मागं सरकवायचा. चार्जिंग किती व्हावं ते त्या तिसऱ्या कार्बनच्या जागेवर ठरायचं. बॅटरी भरली की आपोआप थांबावं असली सोय त्यात नव्हती. दिवसभर नांगरट केली तर बॅटरीचं पाणी उकळून जायचं, आणि नुसती गावात ये-जा केली तर बॅटरी उपाशी राहायची. डायनामो आणि बॅटरीच्या मध्ये फक्त कटआऊट असायचा. इंजिन बंद झालं की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ नये एवढंच त्याचं काम.

आता प्लस बॉडीला का? दोन कारणं सांगितली जायची. पहिलं प्लगचं. प्लगची मधली कांडी जास्त तापते, तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन लवकर सुटतात, म्हणून मधल्या कांडीला मायनस मिळाला तर ठिणगी कमी व्होल्टेजला पडते. खरं आहे, पण ते कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करूनही साधतं. मला दुसरं कारण जास्त पटतं. पाऊस, दव, शेण, चिखल ह्यात वायरिंग ओली होते आणि लाईव्ह वायरमधून बॉडीकडं थोडा करंट झिरपत राहतो. अशा झिरपण्यात जी बाजू प्लस असते ती झिजते. वायर प्लस असली तर तांब्याची बारीक तार खाल्ली जाते. बॉडी प्लस असली तर झीज बिडाच्या जाड बॉडीला, आणि तिथं कुणाला फरक कळणार? टेलिफोन एक्सचेंजला उणे 48 व्होल्ट असतात, म्हणजे प्लस जमिनीला, त्याच्यामागंही तांब्याच्या झिजेचा हाच विचार आहे.

इंग्लंडमध्येही ल्युकसचं सामान वापरणाऱ्या बऱ्याच ट्रॅक्टरला त्या काळात प्लस बॉडीला, मात्र 12 व्होल्ट. तिथं दोन कार्बनचा डायनामो आणि वेगळी कंट्रोल बॉक्स आली. आरबी106 ही बॉक्स जुन्या लोकांनी पाहिली असेल, काळं झाकण आणि खाली ए, ए1, एफ, डी, ई अशी टर्मिनलं. आत कटआऊट आणि रेग्युलेटर शेजारी शेजारी. व्होल्टेज वाढलं की रेग्युलेटरचा पॉइंट उघडतो, फील्डचा करंट कमी होतो, चार्जिंग उतरतं. हाताने काही सरकवायला नको.

डायनामोची एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. त्याच्या लोखंडात थोडी चुंबकशक्ती शिल्लक राहते, आणि तिची दिशा असेल तसा तो प्लस-मायनस काढतो. बॅटरी उलटी जोडली तरी सेल्फ त्याच दिशेनं फिरतो, कारण त्याच्या फील्डचा आणि आर्मेचरचा करंट दोन्ही एकदम उलटतात. दिव्यांना तर काहीच फरक नाही. डिझेलला कॉइलही नाही. म्हणून माणसाला वाटतं सगळं बरोबर झालं. इकडं डायनामो जुन्या दिशेनं करंट काढतो, कटआऊट लागला की बॅटरी आणि डायनामो एकमेकांच्या विरोधात न राहता एकामागं एक जोडले जातात, आणि पॉइंट चिकटून वायर धूर सोडते.

मग हे बदललं का? अमेरिकेत फोर्डनं मोटारी 1956 ला 12 व्होल्ट आणि मायनस बॉडीवर नेल्या, ट्रॅक्टर 1958 च्या मॉडेलपासून. 1960 ला क्रायस्लरच्या व्हॅलियंट मोटारीवर अल्टरनेटर आला आणि तो सगळीकडं पसरला. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. डायोडला दिशा कळते, दयामाया नसते. बॅटरी उलटी लागली की डायोडमधून सरळ शॉर्ट.

आपल्याकडं टॅफे 1960 ला निघाली, मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया 1963 ला. म्हणजे आपला ट्रॅक्टर कारखाना नेमका ह्या बदलाच्या काळात उभा राहिला. त्यामुळं आज गावात प्लस बॉडीचा, मायनस बॉडीचा, डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेला, सगळेच सापडतात. आमच्या शिवारात एका जुन्या ट्रॅक्टरला तालुक्याच्या दुकानातून अल्टरनेटर बसवून आणला, बॅटरी मात्र पूर्वीसारखीच प्लस बॉडीला जोडली. चावी फिरवायच्या आधीच डायोड गेले. दुकानदार म्हणाला माल चांगला होता. चांगलाच होता तो.

आता कामाचं. बॅटरी काढताना "आधी मायनस काढा" हे पाठ केलेलं विसरा. जी वायर बॉडीला आहे ती आधी काढायची आणि जोडताना शेवटी. प्लस बॉडीच्या ट्रॅक्टरवर मायनस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर बॅटरी शॉर्ट. जंपर लावून दुसऱ्या ट्रॅक्टरनं चालू करताना दोन्हींची बॉडी वेगळी असेल तर त्यांच्यात साखळी, हिच, काहीही लोखंड लागू देऊ नका. प्लसला प्लस जोडलेला असताना दोन्ही बॉडी टेकल्या की तोच शॉर्ट. मोबाईल चार्जर आणि एलईडी फोकस लावतानाही बॉडी कुठली ते आधी बघा.

प्लस बॉडीचा ट्रॅक्टर मायनसवर न्यायचाच असेल तर नुसती बॅटरी फिरवून भागत नाही. ॲम्पिअर मीटरच्या दोन वायरी अदलाबदल करा, पेट्रोल इंजिन असेल तर कॉइलच्याही. ल्युकस डायनामोच्या एफ टर्मिनलची वायर काढा, बॅटरीच्या बॉडीला नसलेल्या टर्मिनलवरून एक वायर घेऊन एफला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. बारीक ठिणगी पडेल, तेवढ्यात लोखंडाची दिशा फिरते. एफची वायर परत जोडा, इंजिन चालू करून मीटर चार्जकडं जातो का बघा. नाही गेला तर अर्थिंगची पट्टी सोडून खालचा रंग खरवडा. सेल्फ मारताना बॅटरीचं बॉडीकडचं टर्मिनल आणि इंजिनचा ब्लॉक ह्यांच्यात मल्टिमीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर दोष त्या पट्टीत आहे.