घाटरस्ता आणि संकटाची तालीम

कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणारा रस्ता पन्हाळ्याच्या पायथ्याजवळून वाघबीळ, बांबवडे ही गावे मागे टाकीत शाहूवाडी तालुक्यात शिरतो आणि आंबा घाटाने कोकणात उतरण्यापूर्वी त्याला मलकापूरची बाजारपेठ लागते. हे विशाळगडकर पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी कोल्हापूर राज्यातील किल्ल्यांचे तट पाडून टाकले, तेव्हा विशाळगडावरचा कारभार खाली आला आणि जहागिरीचे दप्तर मलकापुरात स्थिरावले. गडाला तटबंदीचा आधार होता. मलकापुराला आधार होता तो रस्त्याचा. कोकणातले मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर यावयाचे, घाटावरचा गूळ, तंबाखू आणि मिरची खाली जावयाची, आणि कोणत्या गोणीत काय भरले आहे हे सांगावयास कोणाची गरज पडत नसे, कारण मालाचा वास, वजन आणि रूप हीच त्याची ओळख होती.

आज त्याच मार्गावरून रत्नागिरीच्या बाजूने घाटमाथ्याकडे येणाऱ्या अवजड वाहनांत इंधनाचे आणि दाबाखाली द्रवरूप केलेल्या वायूचे टँकर असतात. आत काय आहे हे त्या पोलादी टाक्यांकडे नुसते पाहून कळत नाही. एखादी टाकी वळणावर कलंडली, तर मलकापुरातल्या दुकानदाराने, एस. टी. आगारातल्या वाहकाने, शाळेतल्या शिक्षकाने आणि शाहूवाडी ठाण्याच्या शिपायाने पहिल्या दहा मिनिटांत काय करावयाचे, हा प्रश्न मी या लेखात ऐतिहासिक अंगाने पाहणार आहे. घातक द्रव्यांच्या अपघाताचा आगाऊ सराव करण्याची जी रीत आपल्याकडे रुजली, तिचा इतिहास पाहिला म्हणजे दोन प्रश्न पुनःपुन्हा समोर येतात : आत काय आहे हे कोणाला ठाऊक आहे, आणि अशा घटकेस हुकूम कोणाचा चालणार? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या ज्या वेळी आधी ठरलेली नव्हती, त्या त्या वेळी माणसांनी त्यांची किंमत प्राणांनी चुकती केली आहे.

या इतिहासाचे पहिले मोठे प्रकरण मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लिहिले गेले. १२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज तेथे लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता, आणि कराचीस भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्याही त्याच जहाजात रचलेल्या होत्या. घातक माल असल्याची खूण म्हणून लावावयाचे लाल निशाण जहाजावर चढविलेले नव्हते. १४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर निघताना दिसला आणि पुढचे दोन तास आगीवर पाण्याचा मारा चालू राहिला. या दोन तासांचा वृत्तांत ज्याने वाचला असेल, त्याच्या ध्यानी एक गोष्ट ठळकपणे येईल. जहाजाचा कप्तान, गोदीचा व्यवस्थापक, अग्निशमन दलाचा प्रमुख आणि लष्कराचा दारूगोळा अधिकारी अशी जाणती माणसे त्या धक्क्यावर हजर होती. जहाज तेथेच बुडवावे, ते ओढून बाहेर समुद्रात न्यावे की पाणी मारीत राहावे, यांवर त्यांची मते भिन्न होती. आणि या सर्वांवर ज्याचा शब्द अखेरचा मानावयाचा, असा एकही अधिकारी आधी मुक्रर झालेला नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, गोदीच्या आसमंतातील वस्त्या जळाल्या आणि आग विझविण्यास गेलेल्या बंबवाल्यांपैकी ६६ जण परत आले नाहीत. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

सरावाची कल्पना त्या काळी अगदीच अपरिचित होती, असे नाही. महायुद्धाच्या भयाने हवाई हल्ल्यापासून बचावाची पथके शहरांतून उभी राहिली होती आणि भोंगा, काळोख व आसरा यांची कवायत लोकांस घडविली जात होती. स्वातंत्र्यानंतर या विद्येला महाराष्ट्रातच स्थिर पीठ मिळाले. १९५७ साली नागपुरात आपत्कालीन मदतकार्याचे केंद्रीय प्रशिक्षण सुरू झाले, ज्याचे रूपांतर पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयात झाले, आणि १९५६ साली रामपूर येथे स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही वर्षभरात नागपुरास आले. १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतील भोंगे व काळे कागद लावलेल्या खिडक्या त्या पिढीच्या आठवणीत घट्ट बसल्या. परंतु या साऱ्या तालमीच्या नजरेसमोर उभा असलेला शत्रू आकाशातून यावयाचा होता. गावाच्या शेजारी, परवाना घेऊन, कामगारांच्या पाळ्या लावून चाललेल्या कारखान्यातूनच संकट येऊ शकेल, ही शक्यता त्या कवायतीत धरलेलीच नव्हती.

ती धरावयास जगाला निराळे धडे घ्यावे लागले. १९७४ साली इंग्लंडातील फ्लिक्सबरो येथे रासायनिक कारखान्याच्या स्फोटात २८ माणसे मेली. १९७६ साली इटलीतील सेवेसोजवळ विषारी ढग वस्तीवर पसरला, आणि त्यातून १९८२ साली युरोपात असा नियम झाला की घातक द्रव्ये बाळगणाऱ्याने शेजाऱ्यांस धोक्याची व त्यावरील उपायांची माहिती दिलीच पाहिजे. हा नियम आपल्या देशात येण्याआधी १९८४ च्या डिसेंबरची २ आणि ३ तारखेमधली रात्र भोपाळवर आली. युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि झोपलेले शहर त्यात सापडले. पळावे की घरातच राहावे, पळावे तर कोणत्या दिशेने, हे लोकांना कोणी कधी सांगितलेले नव्हते. तोंडावर ओले फडके धरणे हा साधा उपायही ज्यांच्यापर्यंत पोहोचावयास हवा होता त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता, आणि रुग्णालयातील डॉक्टर कोणत्या विषाशी आपण झुंजत आहोत हे नेमके न कळताच हजारो रोग्यांवर उपचार करीत होते. मुंबईच्या गोदीत हुकुमाची उणीव होती. भोपाळात ज्ञान कुंपणाच्या आत राहिले आणि मरण कुंपणाबाहेर गेले.

पुढच्या दहा-बारा वर्षांत झालेले कायदे या दोन उणिवांची भरपाई म्हणून वाचले पाहिजेत, मग त्यांची रूक्ष कलमेही बोलकी होतात. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोक्याची माहिती कामगारांस, मुख्य निरीक्षकांस, स्थानिक संस्थेस आणि आसपासच्या जनतेस उघड करणे हे कारखानदारावर बंधनकारक झाले. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी कारखान्याच्या आतील संकटाची योजना कारखानदाराने आणि बाहेरील संकटाची योजना जिल्ह्याच्या प्रशासनाने तयार ठेवावी अशी वाटणी केली, आणि पुढे त्यांत सरावाचा शिरस्ताही घालून दिला : आतील योजनेची तालीम दर सहा महिन्यांनी, बाहेरील योजनेची वर्षातून निदान एकदा. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत संकट निवारण गट नेमले आणि जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. व्हिक्टोरिया गोदीच्या धक्क्यावर जो प्रश्न दोन तास अनुत्तरित राहिला होता, त्याचे उत्तर बावन्न वर्षांनी कागदावर उतरले.

कागदावरचे उत्तर माणसाच्या हातापायांत उतरविण्याचे काम तालमीचे. कोल्हापूरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात ज्याचा सराव सहज समजेल असा प्रसंग घेऊ : दूध थंड करण्याच्या यंत्रणेत अमोनिया खेळविलेला असतो आणि त्याच्या नळीचा सांधा सुटला असे गृहीत धरावयाचे. ठरल्या क्षणी खोटी खबर दिली जाते. पहिला कामगार धावत वायूकडे जाण्याऐवजी छपरावर फडफडणाऱ्या कापडी नळीकडे पाहतो, वारा कोणीकडून कोणीकडे वाहतो हे ठरवितो आणि वाऱ्याला आडवा निघून खबर देतो. भोंगा होतो, माणसे नेमून दिलेल्या जागी जमतात आणि हजेरीपटावरून नावे पुकारली जातात. एका नावाला उत्तर येत नाही, कारण तो माणूस ‘बेशुद्ध’ म्हणून मुद्दाम आत ठेवलेला असतो. पाठीवर हवेचे नळकांडे बांधलेले दोघे आत शिरतात. नळकांड्यातली हवा मोजून मिनिटांचीच असते, म्हणून तिसरा बाहेर घड्याळ लावून उभा असतो. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, तेव्हा बंबाची नळी धारेने न सोडता तिच्या बारीक तुषारांचा पडदा धरला जातो. या सर्व काळात एक निरीक्षक हातात वही घेऊन कोणाच्याही कामात न पडता वेळा टिपीत राहतो. सराव संपल्यावर सर्वांना बसवून ही वही वाचली जाते आणि तालमीचा खरा लाभ तेथेच होतो. दाराचे कुलूप लावलेले होते, किल्ली पहारेकऱ्याच्या घरी होती, रुग्णवाहिकेला फाटक ओलांडता आले नाही, रुग्णालयाचा दूरध्वनी बदललेला होता, अशा बारीक गोष्टी योजनेच्या कोणत्याही पानावर सापडत नाहीत; त्या खोट्या संकटात सापडतात आणि म्हणून खऱ्या संकटात टळतात. ज्या तालमीनंतर एकही उणीव नोंदली गेली नाही, ती तालीम समारंभ म्हणून पार पडली असे खुशाल समजावे.

माहुल-तुर्भे, ठाणे-बेलापूर, पाताळगंगा, रोहा, तारापूर या औद्योगिक पट्ट्यांत ही विद्या बऱ्यापैकी मुरली. शेजारच्या कारखान्यांनी एकमेकांस बंब, फेस आणि माणसांची कुमक द्यावयाची असे परस्पर साहाय्याचे करार तेथे रूढ झाले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले आणि त्याची पाचवी तुकडी पुण्याजवळ तळेगावच्या परिसरात सुदुंबरे येथे ठेवली गेली. परंतु या दलाला तेथून सह्याद्रीच्या या कुशीत पोहोचावयास कित्येक तास लागणार, हे नकाशाच सांगतो. तोवरचा सारा वेळ गावाचा, आणि त्यातही पहिला तास निर्णायक.

रस्त्याचा प्रश्न कारखान्याहून अवघड आहे, कारण कारखाना एका जागी असतो आणि टाकी आज या गावात तर उद्या त्या गावात. यावरही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तजवीज केली आहे. टँकरवर धोक्याची चौकट असावी, तिच्यात द्रव्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आणि संपर्काची माहिती असावी, चालकाला खास प्रशिक्षण असावे आणि अपघात झाल्यास त्याने पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी. त्या चौकटीत १०७५ हा आकडा असला तर आत स्वयंपाकाचा द्रवरूप वायू आहे, १२०३ असला तर पेट्रोल. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो वर न उडता गटारात, ओढ्यात आणि खोलगट जागी साचतो आणि दूरवरच्या एका ठिणगीने पेटून मागे टाकीपर्यंत येऊ शकतो. केरळात कन्नूरजवळ चाला येथे ऑगस्ट २०१२ मध्ये आणि जयपूरजवळ डिसेंबर २०२४ मध्ये टँकरमधून सुटलेल्या वायूने भर रस्त्यावर हेच केले आणि अनेकांचे प्राण घेतले. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबई-गोवा महामार्गावर लांज्याजवळच्या अंजणारी पुलावरून वायूचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि महामार्ग बंद ठेवावा लागला. ही काजळी नदी सह्याद्रीच्या याच रांगेतून कोकणात उतरते. आंबा घाटातील पाऊस, धुके आणि वळणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मलकापूरकरांनी या घटना परक्या का मानू नयेत हे निराळे सांगावयास नको.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यासाठी महाराष्ट्रातील उरण, तारापूर, रोहा-धाटाव-नागोठणे, थळ-वायशेत अशी ठिकाणे निवडली गेली. घाटाखालचे रत्नागिरीही त्या यादीत होते. घाटमाथ्यावरचे मलकापूर अशा याद्यांत सहसा येत नाही, कारण याद्या शहरे आणि कारखाने पाहून होतात, रस्ते पाहून होत नाहीत. म्हणून ही मागणी गावानेच केली पाहिजे. नगरपरिषद, तहसील, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, एस. टी. आगार आणि शाळा यांनी मिळून वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, रस्त्यावर टँकर उलटला असे गृहीत धरून तालीम करावी. चौकटीतला आकडा दुरून वाचून कळवावयाचा कोणी, वाहतूक अडवावयाची कोठे, चुली आणि वीज बंद करण्याची दवंडी कशी द्यावयाची, शाळेची मुले कोणत्या बाजूने बाहेर काढावयाची, आणि वरचा अधिकारी येईतो हुकूम कोणाचा, हे त्या दिवशी ठरावे व लिहून ठेवावे. यास मोठा खर्च नाही. एक दिवस, एक वही आणि उणिवा ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरते. या विषयातला आपला प्रत्येक कायदा अपघातानंतर आला आहे. मलकापुराने आपली तालीम अपघाताच्या आधी करावी, आणि मलकापूरच्या वाचकांनी नगरपरिषदेच्या पुढच्या सभेत तिची मागणी लेखी नोंदवावी, एवढीच माझी विनंती आहे.