फोटो-सिंक : बिघाड व उपाय

संगणकावरील आणि मोबाइल, टॅबलेट यांसारख्या उपकरणांवरील छायाचित्रसंग्रह एकसारखा राखण्याची प्रक्रिया म्हणजे फोटो-सिंक. नुसती नक्कल आणि सिंक यांत फरक आहे. नक्कल एकदा केली की काम संपते. सिंकमध्ये एका बाजूला झालेला बदल, अगदी डिलीट केलेला फोटोसुद्धा, दुसऱ्या बाजूलाही लागू होतो. त्यामुळे दर वेळी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : समोरचा फोटो तोच आहे का, आणि असल्यास कोणती प्रत ग्राह्य धरायची. जोडणीचे दोष वगळले, तर बहुतेक तक्रारींचे मूळ या दोहोंपैकी एका ठिकाणी चुकलेल्या निर्णयात सापडते.

पूर्वपीठिका : कॅमेऱ्यातील फाइलींची मांडणी व नावे ठरवणारा डीसीएफ हा संकेत १९९८ साली जपानमध्ये तयार झाला. फोनमध्ये आजही दिसणारे ‘डीसीआयएम’ हे फोल्डर आणि चार अंकी फोटो-क्रमांक त्याचीच देणगी. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या आयपॉड फोटोमुळे आयट्यून्समधून फोटो-सिंक सुरू झाले. २०११ साली आयक्लाउड आणि मे २०१५ मध्ये गूगल फोटोज आले आणि केबलचे महत्त्व कमी झाले.

जोडणीचे दोष : तपासणी केबलपासून करावी. काही स्वस्त केबलींत वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, पण माहिती वाहणाऱ्या नसतात. फोन चार्ज होतो, संगणकाला मात्र दिसत नाही. अँड्रॉइड फोन जोडल्यावर बहुधा केवळ चार्जिंगच्या स्थितीत असतो. सूचनापट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. विंडोजच्या युरोपातील ‘एन’ आवृत्तीत त्यासाठी लागणारा मीडिया फीचर पॅक निराळा बसवावा लागतो. आयफोनचे कुलूप उघडून ‘ट्रस्ट’ला संमती दिल्याशिवाय संगणकाला त्यातले फोटो दिसत नाहीत.

फाइलींचे स्वरूप : सप्टेंबर २०१७ मधील आयओएस ११ पासून आयफोन एचईआयसी स्वरूपात फोटो साठवू लागला. विंडोज संगणकावर फोटो उतरवताना फोन त्यांचे जेपेगमध्ये रूपांतर करत जातो आणि काही वेळा मध्येच थांबतो. उपकरण चालू स्थितीत नसल्याचा संदेश तेव्हा येतो, पण उपकरण धडधाकट असते. फोटोंच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ निवडल्यास रूपांतर टळते व काम पुढे सरकते. ‘एएई’ शेपटाच्या छोट्या फाइली निरुपयोगी समजून काढल्या जातात. त्यांत फोटोवर केलेल्या संपादनाची नोंद असते.

फोनमधील जागा वाचवण्यासाठी मूळ फोटो क्लाउडवर ठेवण्याची सोय चालू असल्यास असे फोटो केबलने संगणकावर येत नाहीत. आधी ते फोनवर उतरवावे किंवा थेट क्लाउडवरून संगणकावर घ्यावे.

आयट्यून्स व फाइंडर : संगणकावरून आयफोनकडे जाणारे हे सिंक एकतर्फी असते. अशा रीतीने आलेला फोटो फोनवरून काढता येत नाही. संगणकावरच त्या फोल्डरची निवड रद्द करावी लागते. दुसऱ्या संगणकाशी सिंक केल्यास पहिल्यावरून आलेले फोटो पुसले जातात. फोनच्या कॅमेऱ्याने टिपलेल्यांना धक्का लागत नाही. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर हा मार्ग बंद राहतो. सिंक वारंवार अडकत असेल, तर फोटोंच्या फोल्डरमधील ‘आयपॉड फोटो कॅश’ हे उपफोल्डर काढून टाकणे हा जुना व बहुधा लागू पडणारा उपाय. उपकरणासाठी बनवलेल्या लहान प्रती त्यात असतात; त्या बिघडल्या की गाडी तिथेच अडते. मूळ फोटोंना बाध न येता पुढच्या सिंकच्या वेळी हे फोल्डर नव्याने तयार होते. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून हे काम फाइंडरकडे आले.

देवनागरी नावे : मराठी वापरकर्त्यांपुरता महत्त्वाचा असा हा दोष आहे. लग्नाच्या फोटोंचे ‘वऱ्हाड’ हे फोल्डर सिंकनंतर दोनदा दिसते, दोन्ही नावे डोळ्यांना सारखीच, आणि निम्मे फोटो एकात तर निम्मे दुसऱ्यात. याचे कारण युनिकोडमध्ये आहे. ‘वऱ्हाड’मधील अर्धा र तीन प्रकारे साठवता येतो : (१) ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) व हलन्त, (२) र, नुक्ता व हलन्त, (३) र, हलन्त व न दिसणारे शून्यरुंदी-जोडचिन्ह. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य, तिसरा नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली पहिल्या प्रकारचे नाव दुसऱ्यात मोडून साठवत असे. विंडोजची एनटीएफएस जे मिळेल ते तसेच ठेवते. परिणामी मॅकवरून परत आलेले नाव विंडोजला परके वाटते. मॅकवरील नवी एपीएफएस पहिल्या दोहोंना एकच मानते, तिसऱ्याला मात्र वेगळेच समजते. फोन आणि संगणक यांवरील कळफलक निरनिराळे असल्यास घोटाळ्याची शक्यता वाढते.

‘अल्बम’मधील पहिल्या अक्षरावर चंद्र देऊन लिहिणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. ॲ हे एकसंध अक्षर (यू+०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फाइलींत अ आणि चंद्र अशी जोडी आढळते. या दोहोंना युनिकोड समतुल्य मानत नाही, म्हणून कोणतीही फाइलप्रणाली ती आपणहून जुळवत नाही.

उपाय : सिंक थांबवून दोन्ही फोल्डरांची प्रत बाजूला काढावी, फोटो एकाच फोल्डरमध्ये आणावेत, दुसरे फोल्डर काढून मगच सिंक पुन्हा सुरू करावे. यापुढे नाव दोन्हीकडे टंकित न करता एकीकडून उचलून दुसरीकडे डकवावे. रोमी नावे देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने अडचण टळते, दोष जात नाही.

क्रमांक व वेळ : ९९९९ नंतर फोटो-क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. घरातले दोन आयफोन एकाच फोल्डरमध्ये उतरवल्यास एकाच नावाचे दोन निराळे फोटो समोरासमोर येतात. ‘रिप्लेस’ दाबल्यास आधीचा जातो. म्हणून प्रत्येक फोनला वेगळे फोल्डर द्यावे. फोटोतील एक्झिफ नोंदीत वेळेसोबत कालविभाग लिहिण्याची सोय २०१६ मध्ये आली. त्यामुळे परदेशस्थ नातेवाइकांच्या जुन्या कॅमेऱ्यातील फोटो सामायिक संग्रहात मागेपुढे होतात. व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून आलेल्या फोटोंत ही नोंद मुळात नसतेच.

क्लाउड सिंक : गूगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, आता फोटो खात्याच्या १५ जीबीत मोजले जातात. आयक्लाउडवर ही मर्यादा ५ जीबी आहे. जागा भरली की नवे फोटो वर जाणे थांबते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचे फोल्डर बॅकअपसाठी वेगळे निवडावे लागते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवणारी यंत्रणाच बॅकअप बंद पाडते. केबल की क्लाउड, यांत अधिक भरवशाचे काय याबाबत जाणकारांत एकमत नाही.

डिलीट व परतावा : आयक्लाउडवर काढलेला फोटो ३० दिवस, तर गूगल फोटोजवर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस परत मिळवता येतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. कोणताही उपाय करण्यापूर्वी सिंकशी न जोडलेल्या डिस्कवर एक प्रत काढावी.

लिनक्स : आयफोनसाठी लिबआयमोबाइलडिव्हाइस हे सॉफ्टवेअर व अँड्रॉइडसाठी एमटीपी ही फाइल-हस्तांतराची पद्धत वापरतात.