मोटारीचे ‘अॅव्हरेज’ आणि हवा-इंधन मिश्रणातील फेरबदल : एक ऐतिहासिक आढावा
(पहूर–अजिंठा मार्गाच्या संदर्भात)

प्रस्तावना

मोटार वापरणारा सामान्य माणूस गाडीच्या किमतीइतकाच तिच्या ‘अॅव्हरेज’चा विचार करतो. ते वाढविण्यासाठी इंजिनात जाणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण घटविण्याची प्रथा कार्ब्युरेटरच्या काळात रूढ होती. प्रस्तुत लेखात या प्रथेची पार्श्वभूमी, तिचे धोके आणि तिचा अस्त यांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा भारतात कोळशाच्या गॅसवर मोटारी चालविल्या गेल्या. पुढे ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यातबंदी जाहीर केली. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला दर १९७४ च्या प्रारंभी सुमारे १२ डॉलरवर पोहोचला. त्या काळी महाराष्ट्रात कुर्ला येथील प्रीमियर कारखान्याच्या फियाट गाड्या प्रचलित होत्या. नवी गाडी सहजासहजी मिळत नसे. म्हणून जुन्या गाडीचाच खर्च कमी करणे भाग होते. कार्ब्युरेटरमध्ये लहान जेट बसविणे किंवा स्क्रू फिरवून मिश्रण पातळ करणे हा त्यावरील स्वस्त उपाय होता.

धोक्यांचे स्वरूप

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. सपाट रस्त्यावर संथ गतीने जाताना १५.५ ते १६ भाग हवा असल्यास काही बचत होते; परंतु पूर्ण शक्तीसाठी हे प्रमाण १२.५ ते १३ इतके असावे लागते. जामनेर तालुक्यातील पहूरहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता फर्दापूरनंतर घाट चढतो. भरलेली गाडी असा घाट चढू लागली, की पातळ मिश्रणामुळे इंजिन ठोके देते, तापते, आणि कालांतराने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह व पिस्टन जळण्याचा संभव असतो. खान्देशातील ऋतुमानही येथे विचारात घ्यावे लागते. उन्हाळ्यातील विरळ हवेत योग्य वाटणारे मिश्रण हिवाळ्यातील दाट हवेत आणखी पातळ होते. रोजची बचत चालकाच्या हाती दिसत असे. इंजिनकामाचा खर्च मात्र उशिरा, एकदम आणि मालकावर येत असे.

प्रदूषणाची बाजू अधिक फसवी होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार चारचाकी पेट्रोल वाहनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के होती. पातळ मिश्रणाची गाडी या चाचणीत सहज उत्तीर्ण होई. पण त्याच मिश्रणात वाढणारी नायट्रोजनची ऑक्साइडे तेथे मोजली जात नसत. मिश्रण अतिपातळ झाल्यास ज्वलन चुकून न जळलेले पेट्रोलही बाहेर पडे.

प्रथेचा अस्त

१९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग, टायरमधील योग्य हवा आणि नियमित देखभाल यांवर भर दिला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पुढे इलेक्ट्रॉनिक इंधन-प्रणाली आली आणि मिश्रणाचे नियंत्रण मेकॅनिककडून संगणकाकडे गेले.

निष्कर्ष

मिश्रण पातळ करण्याची प्रथा अज्ञानापेक्षा टंचाईतून निर्माण झाली. तिने इंधनाचा खर्च पूर्णतः वाचविला नाही. त्यातील काही भाग इंजिनावर व हवेवर ढकलला. आज संवेदकाला चकविणारी साधने वापरली, तरी हाच हिशेब लागू होतो. म्हणून अॅव्हरेजचा विचार केवळ लिटरमागील किलोमीटरवर न करता इंजिनाच्या आयुष्यासह होणे आवश्यक आहे.