लांकडी आऱ्यांच्या चाकांतील तुंब्याचे बोल्ट

अर, नाभि व नेमि हीं चाकाचीं तीन अंगें ऋग्वेदाइतकीं जुनीं आहेत. परंतु अखंड लांकडी तुंब्यांत आरे ठोकून बसविल्यावर एक आरा मोडला तरी धाव उतरवावी लागे. शिवाय उष्ण हवेंत लांकूड सुकून आरे ढिले पडत. एकोणिसाव्या शतकांत तोफांच्या गाड्यांसाठीं धातूचा तुंबा आला. ब्रिटिश सैन्यांत त्याच्या एका नमुन्यास ‘मद्रास’ हेंच नांव होतें. आऱ्यांचीं पाचरीसारखीं टोंकें एकमेकांस भिडवून दोन तबकड्यांमध्यें बोल्टांनीं आवळीत.

हीच रचना पुढें मोटारींत आली. १९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या फोर्ड ‘टी’ गाडीच्या लांकडी चाकास १२ आरे व ६ बोल्ट असत. नट आवळल्यावर बोल्टाचें टोंक ठोकून पसरवीत. म्हणून सोडवितांना तें कापावें लागतें व बोल्ट निकामी होतो.

मग जीर्णोद्धारांत मूळ बोल्ट काढणें हा इतिहासाचा लोप होय काय? आमच्या मतें नव्हे. मागील चाकांत एंजिनाची सर्व ओढ आऱ्यांवाटे जाते व ब्रेकचा ड्रमही याच बोल्टांनीं जखडलेला असतो. तेथें झिजलेला बोल्ट ठेवणें प्राणावर बेतेल. मात्र आरेच सुकले असतील तर नुसता नवा बोल्ट आवळून भागणार नाहीं. उकलून पुन्हां जोडतां यावें हाच या रचनेचा हेतु. तेव्हां त्याच मापाचा नवा बोल्ट घालणें ही तिच्याशीं निष्ठाच होय. काढलेला बोल्ट तारखेची चिठ्ठी लावून जपावा. पुढील संशोधकास तोच पुरावा होईल.